गुरुवार धरून की वगळून?

दोन तारखांमध्ये कामाचे दिवस किती, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, “कुणाच्या कामाचे?” समोरच्याला वाटतं, हा टोलवतोय. ऑफिसात नव्यानं लागलेली पोरं तोवर मोबाइलवर दोन तारखा टाकून आकडा काढून मोकळीही होतात. आकडा येतो, त्यात वाद नाही. पण तो शनिवार-रविवार वगळून आलेला असतो, आणि आम्ही बसतो भोसरीच्या एमआयडीसीत. इथं रविवारी मशिनी धडधडत असतात आणि गुरुवारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

बाहेरगावच्या माणसाला हे गुरुवारचं प्रकरण समजावून सांगावं लागतं. विजेची ओढाताण होती तेव्हा सगळ्या कारखान्यांचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिले गेले. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वाट्याला शनिवार. तो वार अंगवळणी पडला तो पडलाच. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत, जिथं बापाची सुट्टी गुरुवारी आणि पोरांची रविवारी. आई शाळेत किंवा बँकेत असेल तर तिचीही रविवारी. दुपारच्या जेवणाला सगळं घर एकत्र बसायचं तर दिवाळीच गाठावी लागते. लग्नाची पत्रिका आली की इथली माणसं मुहूर्ताच्या आधी वार वाचतात.

माझं काम प्लॅनिंग आणि डिस्पॅचचं. म्हणजे पार्टीनं ऑर्डर टाकली की ‘माल कधी देणार?’ याचं उत्तर द्यायचं. त्या उत्तरात आमचे दिवस असतात, तसे हीट ट्रीटमेंटवाल्याचे असतात, प्लेटिंगवाल्याचे असतात, ट्रान्सपोर्टचे असतात आणि गिऱ्हाइकाच्या गेटवर माल उतरवून घेणाऱ्याचेही असतात. शुक्रवारी रात्री गाडी भरून नाशिकला धाडायची हौस कुणाला असेल तर त्यानं ती खुशाल पुरवून घ्यावी. शनिवारी सकाळी ड्रायव्हर बंद फाटकासमोर चहा पीत बसतो आणि हॉल्टिंगचे पैसे आपल्या नावावर पडतात. ई-वे बिलाला, म्हणजे मालाच्या गाडीबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाला, तर कुठलाच वार कळत नाही. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, एवढंच त्याला ठाऊक. फाटक उघडं आहे की बंद, सण आहे की सुतक, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

२०२५ चा गणपतीचा हंगाम घेऊ. सोमवार १८ ऑगस्ट ते शुक्रवार १२ सप्टेंबर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजलं तर दोन्ही टोकं धरून २६ दिवस. आता पुण्यातलं सरकारी कार्यालय बघा. शनिवार-रविवार गेले, २० उरले. त्यातून २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आणि ५ सप्टेंबरची ईद-ए-मिलाद काढली की १८. बँकेला दुसरा आणि चौथाच शनिवार बंद, हे १ सप्टेंबर २०१५ पासून सुरू झालं. त्यामुळे ३० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर हे दोन शनिवार तिच्या पदरात पडतात, म्हणून तिचे २०. आमच्यासारख्या कारखान्याचे चार गुरुवार जातात, शनिवार-रविवार मात्र हाताशी राहतात, म्हणून २२. त्यातून चतुर्थी आणि अनंत चतुर्दशी अशा दोन सुट्ट्या दिल्या असं धरलं तर २०.

बँकेचे वीस, कारखान्याचे वीस. जुळलं म्हणून कुणी टाळी देईल. पण हे वीस वेगळे आणि ते वीस वेगळे. बँक आणि कारखाना एकाच दिवशी उघडे असतात असे दिवस या काळात फक्त १५ आहेत. सरकारी खात्याचा इन्स्पेक्टर कारखान्यात येऊन माल तपासणार असेल तर तेही घटून १४. सव्वीस दिवसांच्या मुदतीत चौदा! टेंडरच्या कागदावर मुदत लिहिणाऱ्यानं १८ मोजलेले असतात, आमच्या मालकांनी मनात २२ धरलेले असतात, आणि मधल्यामध्ये ओरडा खातो तो डिस्पॅचवाला.

त्यातही मी ईद ५ तारखेला धरली ती पुण्याची. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. विसर्जनाची गर्दी आणि ईदचा जुलूस मुंबईच्या रस्त्यांवर अंगावर येऊ नयेत म्हणून मुस्लीम समाजानं जुलूस पुढं नेला आणि सरकारनं मुंबई शहर व उपनगरांपुरती सुट्टी ५ वरून ८ सप्टेंबरला हलवली. आदल्या दोन्ही वर्षी असंच घडलं होतं. २०२३ मध्ये ईद आणि चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या तेव्हा ईदची सुट्टी २९ ला दिली, २०२४ मध्ये १६ ची १८ झाली. समजुतीनं घेतलेली गोष्ट आहे, मला ती मनापासून आवडते. फक्त हिशेबात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. स्थानिक सुट्ट्या बाजूला ठेवल्या तर २०२५ च्या त्याच मुदतीत मुंबईचे सरकारी दिवस १८ आणि पुण्याचेही १८. पण ५ ला पुणं बंद, मुंबई चालू आणि ८ ला मुंबई बंद, पुणं चालू. फाइल मंत्रालयातून पुण्याला यायची असेल आणि दोन्ही टोकांना माणूस जागेवर हवा असेल, तर दिवस १७. आणि हा बदल जाहीर होतो तो अगदी तोंडावर.

अशा ऐनवेळच्या सुट्ट्या कुठल्याही यादीत आधीपासून नसतात. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी गेल्या आणि सोमवारी राज्यात सार्वजनिक सुट्टी. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेची सुट्टी आली तेव्हा शेअर बाजार सोमवारी बंद राहिला, आणि त्याच्या आधीचा शनिवार, २० जानेवारी, पूर्ण दिवस चालू राहिला. म्हणजे नुसती सुट्टीच वाढते असं नाही, कामाचा दिवसही ध्यानीमनी नसताना उगवतो. निवडणुकांच्या मतदानाचे दिवस आणखी वेगळे. वर्षाच्या सुरुवातीला छापलेल्या सुट्ट्यांच्या यादीवर माझा विश्वास आहे, पण तेवढाच जेवढा हवामान खात्याच्या अंदाजावर.

एक्सेलमध्ये कामाचे दिवस मोजायला ‘नेटवर्कडेज’ नावाचं फंक्शन आहे, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्याच्या जुळ्या भावाकडे, ‘वर्कडे’कडे, मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. सोमवार ते शुक्रवार मोजा म्हटलं की नेटवर्कडेज पाच म्हणतं, कारण ते दोन्ही टोकं धरतं. सोमवारपासून पाच कामाचे दिवस पुढं जा म्हटलं की वर्कडे पुढच्या सोमवारी नेऊन सोडतं, कारण ते सुरुवातीचा दिवस धरत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण एका कागदावर एकानं मोजलं आणि दुसऱ्या कागदावर दुसऱ्यानं, की एका दिवसाचा फरक पडतो आणि त्या एका दिवसावर विलंबाचा दंड लागतो.

भोसरीसाठी त्यातला थोरला भाऊ लागतो, ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’. त्याला आठवड्याचे सात आकडे द्यायचे, सोमवारपासून सुरू करून. काम असेल तिथं शून्य, सुट्टी असेल तिथं एक. आमचा आठवडा म्हणजे ०००१०००. तो चौथा एक टाकताना मला दर वेळी गंमत वाटते. जगातल्या बहुतेकांचे एक शेवटी असतात, आमचा मध्येच उभा. बँकेचा आठवडा मात्र या सात आकड्यांत बसवताच येत नाही, कारण तिचा शनिवार कधी शून्य, कधी एक. त्यासाठी वर्षभरातले दुसरे आणि चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत एकेक करून भरावे लागतात. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेत पडतो आणि चौथा २२ ते २८ मध्ये, एवढं लक्षात ठेवलं की निदान शोधाशोध वाचते.

कायद्यानं हे टोकं धरण्या-सोडण्याचं फार आधी निस्तरलं आहे. ‘अमुक तारखेपासून’ म्हटलं की ती तारीख सोडायची, ‘अमुक तारखेपर्यंत’ म्हटलं की ती धरायची, असं १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट सांगतो. त्याच कायद्याचं पुढचं कलम म्हणतं की शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल तर उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीतच धरावं. दावा दाखल करायची मुदत रविवारी संपत असेल तर सोमवारी दाखल करा, कुणी अडवणार नाही. हे वाचून बरं वाटतं. मग १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट उघडावा, ज्याच्या नावानं आपल्या बँकांना सुट्ट्या जाहीर होतात. त्याचं २५ वं कलम नेमकं उलटं चालतं. हुंडी किंवा वचनचिठ्ठी सुट्टीच्या दिवशी देय होत असेल तर ती लगतच्या आधीच्या कामाच्या दिवशी देय झाली असं समजायचं. रविवारी द्यायचे पैसे शनिवारीच काढा! दोन्ही कायदे इंग्रजांच्या काळातले, मध्ये फक्त सोळा वर्षं. कोर्टाची पायरी चढणाऱ्याला सुट्टी एक दिवस देते आणि देणेकऱ्याचा एक दिवस काढून घेते. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी घातलेली रीत असणार, धनकोची रक्कम सुट्टीत अडकून पडू नये म्हणून. मला विचाराल तर यातच सगळं आलं. सुट्टी आली की दिवस कुठल्या बाजूला सरकवायचा, हे गणिताचं काम नाही. ज्याचं वजन जास्त, त्याच्या बाजूला तो सरकतो.

माहिती अधिकाराचे ३० दिवस मात्र सरळ ३० दिवस आहेत. २००५ च्या कायद्यात तिथं ‘कामाचे’ हा शब्दच घातलेला नाही. दिवाळी येवो की मार्च एंडिंग, तिसावा दिवस तिसावाच. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि तासांना तर रविवार नसतोच. सरकारी पत्रातलं ‘सात कार्यालयीन दिवसांत खुलासा करावा’ हे वाक्य याच्या शेजारी ठेवून पाहावं. नागरिकाला उत्तर द्यायचं तेव्हा दिवस साधे, कर्मचाऱ्याकडून उत्तर मागायचं तेव्हा कार्यालयीन. इथं मात्र कायदा करणाऱ्यांनी नागरिकाच्या बाजूनं मोजलं, हे मान्य करायला हवं.

आमच्या घरी कामाचे दिवस मोजायची जागा म्हणजे फ्रिजशेजारची दिनदर्शिका. तारखेच्या चौकोनात आईच्या हातची बारीक अक्षरं असायची. ‘दू’ म्हणजे दुधाचा खाडा, फुली म्हणजे धुणंभांड्याच्या मावशींचा खाडा, गोल म्हणजे सिलिंडर लावला. महिनाअखेरीला खाडे मोजून पैसे कापले जायचे. दुधाचं ठीक आहे, दूध आलं नाही तर पैसे कसले? मावशींच्या खाड्याचे पैसे कापावेत का, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. मी नको म्हणतो. बायको म्हणते, “तुम्हाला काय, सांगून येत नाहीत तेव्हा ओट्याशी तुम्ही उभे राहता का?” तिचंही खरं आहे. पण गुरुवारी मी घरी लोळतो त्या दिवसाचा पगार मला मिळतो. मावशींच्या फुलीला पगार नाही.

हाच वाद १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता, अर्थात मोठ्या प्रमाणात. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कामगाराला सलग सेवेचं संरक्षण मिळायचं. प्रश्न असा होता, की प्रत्यक्ष काम केलेले दिवस म्हणजे हजेरीच्या सह्या असलेलेच, की मधले पगारी रविवारही? एका परदेशी बँकेचं म्हणणं होतं, फक्त सह्यांचे. न्यायालयानं सांगितलं, ज्या रविवारचे आणि सुट्ट्यांचे पैसे दिलेत ते दिवसही धरा. कितीजणांची नोकरी या मोजण्यावर तरली असेल! रोजंदारीवाल्याच्या पदरात मात्र यातलं फारसं काही पडत नाही, कारण त्याच्या रविवारचे पैसेच कुणी देत नाही.

आणि तो रविवार तरी कुठं आयता मिळाला? मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली किंवा यंत्र बिघडलं तर तेवढीच उसंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या त्यात पहिली रविवारच्या सुट्टीची होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले, त्यात बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. त्याआधी या शहरात कुणी विचारलं असतं, की दोन तारखांमध्ये कामाचे दिवस किती, तर गिरणी कामगारासाठी उत्तर सोपं होतं. जवळजवळ सगळे.

राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. (चार वर्षांतून एकदा येणारी तारीखच नेमकी निवडली. वर्धापनदिनाचा खर्च वाचला.) कामाची वेळ वाढवून पावणेदहा ते सव्वासहा केली. दिवस घटले, दिवसाची लांबी वाढली. आमच्यासारख्यांच्या हिशेबात मात्र वेळ मोजली जात नाही, दिवसच मोजले जातात, आणि शनिवारी दाखल्यासाठी कचेरीत जाता येत होतं ते बंद झालं. गुरुवार एवढाच मोकळा असलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही. उलट आमचा गुरुवार सरकारी कामांसाठी सोन्यासारखा आहे. तलाठ्यापासून आरटीओपर्यंत सगळे जागेवर असतात, रजा टाकावी लागत नाही.

आखातातल्या गिऱ्हाइकाशी व्यवहार होता तेव्हाचा आठवडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा गुरुवार बंद. दुबईत तेव्हा शुक्रवार-शनिवार बंद. रविवारी दुबई चालू, आम्ही चालू, पण आपली बँक बंद. उरले सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवसांचा आठवडा! बुधवारी दुपारी चारनंतर आलेल्या ईमेलचं उत्तर सोमवारी मिळालं तरी कुणी कुणाला बोल लावू शकत नव्हतं. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीनं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस केला, तेव्हा आमच्या वाट्याला शुक्रवारची सकाळ आली. केवढा आनंद झाला म्हणता! आता पैशांचं तरी बरं आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस चालतं, रविवार असो की दसरा. कर्जाचे हप्तेही ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी खात्यातून जातात. पूर्वी पाच तारीख रविवारी आली की एक दिवस उसना मिळायचा, तो गेला. म्हणजे पैसा बाराही महिने कामावर आला, माणसं आपापल्या वारांत अडकलेली आहेत.

रस्त्याच्या आणि इमारतींच्या टेंडरांत आणखी एक मोजणी असते, ‘मुदत १२ महिने, पावसाळा धरून’ किंवा ‘पावसाळा वगळून’. कोकणात काम घेणारा ठेकेदार आधी हे दोन शब्द वाचतो, मग रक्कम. धरून असेल तर बारातले चार महिने तो मनातल्या मनात आधीच काढून टाकतो.

आमच्या कोटेशनच्या तळाशी मी दोन ओळी टाकतो, की मुदत ऑर्डर हाती आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाईल, गुरुवार आणि सोबतच्या यादीतल्या सुट्ट्या वगळून. गिऱ्हाईक ते वाचत नाही. फोन येतो, “साहेब, ते धरून-वगळून तुमच्याकडंच ठेवा. माल गेटवर कधी लागेल ते सांगा.” मग मी तारीख सांगतो आणि तिच्याबरोबर वार सांगतो. नुसती तारीख सांगितली तर समोरचा ‘चालेल’ म्हणून फोन ठेवतो. वार ऐकला की क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “शनिवार? नको नको, शुक्रवारी बाराच्या आत टाका, नाहीतर सरळ रविवारी.” निम्मी भांडणं तिथंच मिटतात. उरलेली पॅकिंगच्या लाकडी पेट्या करून देणाऱ्या सुताराशी होतात. तो रविवारी काम करतो, गुरुवारीही करतो, पण अमावस्येला हत्याराला हात लावत नाही. त्यामुळे माझ्या सुट्ट्यांच्या यादीत वर्षभराच्या अमावस्यांचा एक वेगळा रकाना आहे, आणि ऑडिटला येणारा प्रत्येक माणूस त्यावर बोट ठेवून विचारतो, हे काय आहे?